निरीक्षकाचं नाव

"हे काय, चौकोन?" सासरे पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. "काल निदान काही दिसत तरी नव्हतं."

चौकोन खरेच होते. लॅपटॉपच्या पडद्यावर एक राखाडी खिडकी उघडली होती, वर निळी पट्टी, खाली बटणं, आणि जिथे म्हणून अक्षरं असायला हवीत तिथे नुसते रिकामे चौकोन, शेतातल्या वाफ्यांसारखे ओळीने. साल्किनला मात्र मनातून बरं वाटलं. दोन दिवस तिने या प्रोग्रामची मनधरणी केली होती आणि दोन दिवस तो दार उघडायलाही तयार नव्हता. आता दार उघडलं होतं. आत कोणीतरी होतं, फक्त त्याचं बोलणं कळत नव्हतं.

तिने तसं सांगितलं. सासऱ्यांनी आपली उंच लोकरी टोपी, कालपाक, डोक्यावर चढवली, बैठक तीनला आहे एवढं ऐकवलं आणि ते गावप्रमुखाशी भांडायला निघून गेले. भांडण आठवडाभर चालू होतं. ते सुकू नये म्हणून त्याला रोज थोडं पाणी घालावं लागे.

भांडण बालवाडीचं होतं. सारी-तोकोय गावाला पहिल्यांदाच बालवाडी मिळत होती. मंजुरी आली होती, नकाशा आला होता. जागा ठरली होती खालच्या कुरणात, नदीपासून दोनशे पावलांवर, पॉपलरच्या रांगेआड. सपाट जमीन, रस्ता जवळ, सगळ्या गावाला पसंत. एकट्या सासऱ्यांना नापसंत. ते छत्तीस वर्षं त्या नदीवरचे निरीक्षक होते. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला पुलाजवळच्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. त्या कुरणात दोनदा पाणी शिरलेलं आपण स्वतः मोजलंय, असं ते म्हणत. मोजलंय तर आकडे दाखवा, असं प्रांताहून येणारे इंजिनियर म्हणत. आणि आकडे नव्हते. वह्या दर महिन्याला वर जायच्या, आणि वर गेलेली वही खाली आलेली कोणी पाहिली नव्हती. नक्कल होती ती घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर. तो गेल्या हिवाळ्यात, वीज एका दुपारी चारदा गेली-आली तेव्हा, थोडा धूर सोडून कायमचा निजला.

त्याची डिस्क तेवढी वाचली. साल्किनने तिच्यातलं उतरेल तेवढं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं. पण ते आकडे त्या एकाच प्रोग्रामला वाचता येत. तो प्रोग्राम विंडोजचा, पंचवीस वर्षांपूर्वीचा, आणि लॅपटॉप लिनक्सवर चालणारा. बिश्केकला कॉलेजात असताना तिने तो वापरलेला घेतला तेव्हापासून तसाच. गावात विंडोजचे कॉम्प्युटर नव्हते असं नाही. शाळेत होते, चांगले नवे होते, आणि नवे असल्यामुळेच त्यांनी या म्हाताऱ्या प्रोग्रामला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं.

साल्किनचा एक डोळा पडद्यावर होता आणि एक सेजिमवर. सेजिम तिची लेक, चौदा महिन्यांची. मागच्या महिन्यात रीतीप्रमाणे तिच्या पायांना दोरी बांधून ती सगळ्या आळीसमोर कापली होती, पोरगी धडपडू नये म्हणून. तेव्हापासून ती खरंच धडपडत नव्हती, सरळ धावत होती, आणि साल्किनच्या जिवाला आणखीनच घोर लागला होता. चूल, समोवार, पायरी, अंगणातला पाट. साल्किन घरात फिरायची ती या चार गोष्टींच्या आणि पोरीच्या मध्ये उभी राहत. सासूबाई म्हणायच्या, आम्ही पाच वाढवली, कधी मोजलीसुद्धा नाहीत. साल्किन हसायची आणि मोजायची. बालवाडीच्या नकाशावर तिला भिंती दिसतच नव्हत्या. तिला दिसायची दाराशी काढून ठेवलेल्या छोट्या बुटांची रांग आणि त्यांच्या खालून सरकत येणारं पाणी. दोन वर्षांनी त्या रांगेत एक जोड सेजिमचा असणार होता.

सासूबाई दूध घातलेला चहा आणि साईची वाटी घेऊन आल्या, पोरीला मांडीत ओढून बसल्या, आणि हे नक्की चाललंय काय म्हणून विचारू लागल्या. त्या पूर्वी सामूहिक शेतीच्या कचेरीत लेखनिक होत्या. यंत्रांची त्यांना भीती नव्हती, फक्त कोणी नीट सांगत नसे. साल्किनने सांगितलं. हा प्रोग्राम जन्मला दुसऱ्या घरात. इथे डाव कुठे, पीठ कुठे, त्याला काही ठाऊक नाही. म्हणून त्याच्याशेजारी आपण एक जण उभा केलाय. प्रोग्राम आपल्या भाषेत काही मागतो, हा ते ऐकतो, मान वळवून या घराच्या भाषेत मागतो आणि आणून देतो. प्रोग्रामला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत.

"म्हणजे जाऊ," सासूबाई म्हणाल्या. "नव्या सुनेच्या कानाशी लागून सांगणारी."

"अगदी तेच, अपा."

"मला होती तशी. चांगली होती. मीठ कुठे ते मात्र तिने सहा महिने सांगितलं नाही."

या जावेचं, म्हणजे त्या मधल्या प्रोग्रामचं, नाव वाइन होतं. ते साल्किनने सांगितलं नाही. घरात दिवसातून पाच वेळा नमाज पढला जात होता.

चौकोनांची गोष्ट साधी निघाली. प्रोग्राम जुन्या रशियन अक्षरांत बोलत होता आणि जाऊबाईंना ती अक्षरं कोणी शिकवलीच नव्हती. साल्किनने एक ओळ लिहून तिला तेवढं सांगितलं, योग्य अक्षरांचा संच जागेवर ठेवला आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. चौकोनांच्या जागी शब्द उभे राहिले. नदी. ठाणं. वर्ष. पाण्याची पातळी. सासूबाईंनी पोरीचा हात धरून पडद्याकडे टाळ्या वाजवायला लावल्या आणि त्या तंदुरातल्या रोट्या काढायला बाहेर गेल्या.

तेवढ्यात पडद्यावर एक छोटी चौकट आली. निरीक्षकाचं नाव लिहा.

साल्किन थांबली. जुन्या कॉम्प्युटरवर ही चौकट तिने कधी पाहिली नव्हती. मग तिच्या लक्षात आलं. पहिल्याच दिवशी कोणीतरी नाव लिहिलं असणार. त्या यंत्राने ते आपल्या वहीत टिपून ठेवलं आणि पुन्हा पंचवीस वर्षं विचारलं नाही. तिने घर नवं दिलं, पण ती वही जुन्या यंत्राबरोबर गेली. आणि नाव बरोबर पडल्याशिवाय आकड्यांचं कुलूप निघणार नव्हतं.

आता निरीक्षक म्हणजे सासरे. आणि सासऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. साल्किन या घरात आल्यापासून तिने ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. कॉलेजातल्या मैत्रिणी तिला हसत, पण नवऱ्याच्या नावाने ती त्या सगळ्यांसारखीच खुशाल हाक मारायची. हे मात्र तिने पाळलं होतं, आधी धाकाने आणि पुढे आवडीने. बोटांनी लिहिलं तर ते घेतलं म्हणायचं का? तिने दाराकडे पाहिलं. सेजिमकडे पाहिलं. मग एकेक अक्षर, जणू गरम तव्यावर बोट टेकवावं तसं, ते नाव लिहिलं. ते इथे लिहायला नको. तिला आवडणार नाही.

असा निरीक्षक नाही, असं प्रोग्राम म्हणाला.

तिने आडनावासकट लिहिलं. नुसतं आडनाव लिहिलं. वडिलांचं नाव पुढे लावून, मागे लावून, पासपोर्टवर आहे तसं. नाही. नाही. घड्याळात साडेअकरा झाले. तिने सासऱ्यांना फोन लावला. ते अजून भांडत होते. त्यांनी सांगितलं की कॉम्प्युटरच्या बटणाला त्यांनी आयुष्यात बोट लावलेलं नाही. वही ते आणून द्यायचे, आकडे घालायची ती "ती". आणि त्यांनी फोन ठेवला.

सासूबाई टोपलीत गरम रोट्या घेऊन आत आल्या तेव्हा साल्किनने सरळच विचारलं. अपा, पहिल्या दिवशी निरीक्षकाचं नाव तुम्हीच घातलं होतं का?

सासूबाईंनी टोपली खाली ठेवली. रोट्यांवर फडकं टाकलं. ते एका कोपऱ्यावर नीट बसलं नव्हतं, ते बसवलं. पंचवीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, तू घातलंस ते चाललं नाही का? नाही चाललं, असं साल्किन म्हणाली. मग बाहेर वासरू सुटलंय का बघून येते म्हणाल्या आणि गेल्या. वासरू बांधलेलंच होतं. साल्किनला खिडकीतून दिसत होतं. सासूबाई त्याच्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

परत आल्या त्या हात पुसत.

"तिकडे तोंड कर," त्या म्हणाल्या.

साल्किन पोरीला घेऊन भिंतीकडे वळली. मागून दोन बोटांची टकटक ऐकू आली, सावकाश, कचेरीतल्या वळणाची. मग सासूबाईंनी नाक ओढलं.

"उघडलं," त्या म्हणाल्या.

सगळं होतं. एक वर्ष म्हणजे एक पान, पंचवीस पानं, सकाळ-संध्याकाळचे आकडे मुंग्यांच्या रांगांसारखे. साल्किनने दोन हजार पाचचा जून काढला. सतरा तारीख, संध्याकाळी आठ: तीन मीटर बेचाळीस. दोन हजार दहाचा जून: तीन मीटर अठ्ठावीस. इंजिनियरांच्या नकाशात कुरणाची जमीन त्याच पट्टीने तीन मीटर दहावर दाखवलेली होती. तिने ते दोन आकडे पुन्हा पुन्हा वाचले.

आणि मग तिला दिसलं की प्रत्येक पानाच्या डोक्यावर, ठाण्याच्या नावाखाली, निरीक्षकाचंही नाव होतं.

केचिकपेस.

उशीर न करणारा. असं नाव गावात कोणाचंच नव्हतं.

सासूबाईंनी विचारलं, ते वरचं तेवढं काढता येईल का. साल्किनने विचार केला. आकडे दुसरीकडे उतरवून नवा तक्ता करता येईल, ती म्हणाली, पण मग तो काल रात्री घरी बसून केलेला तक्ता दिसेल. प्रोग्राम प्रत्येक पानाखाली आपला शिक्का टाकतो, तो या नावाशी बांधलेला आहे. नाव काढलं की शिक्का जातो.

सासूबाई जमिनीवरच्या गादीवर, तोशोकवर, बसल्या. सेजिम त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली.

"एकोणीस वर्षांची होते मी आले तेव्हा," त्या म्हणाल्या. "त्याच वसंतात त्यांना नदीवरचं काम मिळालं. तेव्हा आताचा पूल नव्हता, दोन फळ्या होत्या. गेले की मी इथे खिडकीशी. नाव घेऊन देवाला सांगावं तर नाव घ्यायचं नाही. मग सांगायचं कोणाबद्दल? आमच्या माहेरी दोन पोरं गेल्यावर तिसऱ्याचं नाव ठेवलं तोक्तोसुन, थांबू दे म्हणून. अजून थांबलाय तो, ट्रॅक्टर चालवतो. म्हटलं, आपणही ठेवावं एक. ठेवलं. मनातल्या मनात घ्यायचे. मग ते यंत्र आलं, त्याने विचारलं निरीक्षकाचं नाव काय, घरात कोणी नव्हतं. मला वाटलं, लोखंडाच्या पेटीत राहील, कोणाला दिसतंय."

साल्किनने नकळत फोनकडे पाहिलं. तिचा नवरा अल्माटीच्या वाटेवर होता, मालाचा ट्रक घेऊन, आणि सकाळपासून त्याचा निरोप नव्हता. सासूबाईंनी ते पाहिलं.

"त्यांना माहीत आहे?" साल्किनने विचारलं.

"वेडी आहेस का? त्यांना वाटतं ते आपल्या अकलेनं वेळेवर येतात."

दोघी हसल्या. मग सासूबाईंनी सेजिमला उचलून मांडीवर घेतलं, तिची टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, छाप.

छपाई शाळेत झाली. पावणेतीनला साल्किन सेजिमला कडेवर घेऊन, कागदांचा गठ्ठा छातीशी धरून क्लबच्या सभागृहात शिरली तेव्हा पुरुष पुढे बसले होते, बायका मागे. गावप्रमुख एसेनगुल टेबलामागे होता, पन्नाशीचा, लालबुंद, भांडून दमलेला. तो सासऱ्यांचा चुलतभाऊ. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तो चौदाचा होता, आणि धाकट्या दिराचंही नाव घ्यायचं नाही म्हणून त्यांनी त्याला आक-बाला म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे गोरं बाळ. ते त्याला अजून चिकटून होतं.

"आक-बाला, खिडकी उघड रे," सासूबाई मागून म्हणाल्या, आणि गावप्रमुखाने उठून खिडकी उघडली.

इंजिनियरचं नाव एर्निस. तरुण, शहरातला, बुटांना चिखल लागलेला. म्हणजे निदान कुरण पाहून तरी आला होता. त्याने कागद घेतले आणि साल्किनला भीती होती तसं केलं नाही. त्याने ते वाचले. पान उलटून, बोट फिरवून, स्वतःच्या नकाशाशी ताडून. सतरा जूनशी त्याचं बोट थांबलं. त्याने विचारलं, हे कुठून काढलं. साल्किनने सांगितलं, जुन्या प्रोग्राममधून, वाइनवर. तो एकदम हसला, खुशीत. त्यांच्या कार्यालयात असे तीन ठाण्यांचे प्रोग्राम कपाटात पडून होते आणि कोणी चालवू शकलं नव्हतं. तिने त्याला ती अक्षरांची ओळ सांगितली, त्याने नकाशाच्याच कोपऱ्यात टिपून घेतली. सभागृहाला यातलं काही कळलं नाही, पण आपली सून शहरातल्या माणसाला काही शिकवते आहे एवढं कळलं, आणि ते शांत बसून राहिलं.

मग एर्निसने पानाच्या डोक्यावरचं वाचलं, मोठ्याने.

"निरीक्षक, केचिकपेस. हे कोण?"

पुढच्या रांगेतून एक म्हातारा म्हणाला, आपल्याकडे असा कोणी नाही, खालच्या गावाचा असेल. मागच्या रांगेतल्या बायकांत मात्र कुजबुज सुरू झाली. त्यांना असली नावं कशी जन्मतात ते माहीत होतं. एकीने ओढणीचा पदर तोंडात धरला. एसेनगुलने गोंधळून साल्किनकडे पाहिलं. साल्किनला खरं नाव घेता येत नव्हतं आणि दुसऱ्याचा उलगडा करणं तिच्या हातात नव्हतं. नाव जुळलं नाही तर कागद खोटे, कागद खोटे तर बुटांची रांग कुरणातच. तिने पोरीला इतकं आवळलं की ती कुरकुरली.

सासरे उठले. टेबलाशी गेले, चष्मा नाकावर ठेवला आणि पहिलं पान हातात घेतलं. आकडे त्यांनी पाहिले नाहीत; ते त्यांना पाठच होते. नुसतं वरचं पाहत राहिले. त्या यंत्रात आकडे कोण घालायचं ते गावात दुसऱ्या कोणाला माहीत नसलं तरी त्यांना माहीत होतं. साल्किनला त्यांच्या मानेचा मागचा भाग दिसत होता. तो हळूहळू लाल होत गेला, पार कानांपर्यंत.

"मी," ते म्हणाले.

"पण बाबा, तुमच्या ओळखपत्रावर तर..."

"ओळखपत्रावर आईबापानं ठेवलेलं आहे. हे बायकोनं."

सभागृह हसलं. एसेनगुल सगळ्यात मोठ्याने हसला. त्याला आज सोबत मिळाली होती. एर्निसही हसला आणि मग त्याने विचारलं, हे नाव ठेवलं कधी, म्हणजे नोंदीत तसं लिहिता येईल.

"मलाही आत्ताच कळतंय," सासरे म्हणाले. ते मागे वळले नाहीत.

एर्निसने नकाशा सरळ केला, कुरणातल्या चौकोनावर पेन्सिलीने काट मारली आणि शाळेच्या मागच्या चढावर, जर्दाळूच्या झाडांपाशी, नवा चौकोन काढला. अहवाल असाच जाईल, तो म्हणाला. चढ आहे, पायऱ्या कराव्या लागतील. साल्किनच्या मनात लगेच आलं, पायऱ्यांना कठडा हवा, आणि तो केवढा उंच हवा. पण हा विचार तिला जवळजवळ सुखाचा वाटला. एक गोष्ट राहिली, एर्निस म्हणाला. प्रत्येक पानावर निरीक्षकाची सही लागेल, आणि छापलंय त्याच नावाने लागेल, नाहीतर वरचे लोक पुन्हा प्रश्न काढतील.

गावकरी चढावरची जागा बघायला निघाले. खुर्च्या सरकल्या, बोलणी दारातून बाहेर गेली. सासरे टेबलाशी बसले, कालपाक काढून गुडघ्यावर ठेवली आणि पेन मागितलं. साल्किन पानं एकेक करून पुढे सरकवत होती. पहिल्या पानावर ते नाव त्यांनी शाळकरी पोरासारखं लिहिलं, अक्षर अक्षर तोडून. तिसऱ्यावर शाई सांडली. दहाव्या पानापर्यंत हात थोडा सैल झाला.

मागच्या रांगेत, झोपलेल्या सेजिमशेजारी, सासूबाई एकट्याच राहिल्या होत्या. गावाला वाटलं असेल, त्या पोरीसाठी थांबल्या आहेत. त्यांनी ओढणी हनुवटीखाली गाठून बांधली होती, हात मांडीत घेतले होते, आणि भर सभागृहात, मान खाली न घालता, त्या नवऱ्याच्या लिहिणाऱ्या हाताकडे बघत होत्या. तो हात पानाच्या शेवटाशी येऊन थांबे, सासरे कागदावर फुंकर मारत आणि पुढचं पान मागत. अजून बारा पानं होती. कोणालाच घाई नव्हती.